ओवी म्हणता येईल एवढं ओझं

दसरा उलटला की आमच्याकडचं ऊन कामाला लागतं. पावसाळाभर रजेवर असलेलं हे ऊन खळ्यात उतरतं आणि विचारतं, बोला, काय वाळवायचंय? त्या वर्षी दमयंतीच्या खळ्यात त्याला फुरसत नव्हती. सुपांत शिजवलेला भात पसरला होता, परातीत कुळथाची पिठी होती, जुन्या लुगड्यावर गाजराचा कीस आणि फरसबीचे बारीक तुकडे सुकत होते. ओटीवर तिचे यजमान विठूतात्या काठी घेऊन कावळ्यांवर पहारा करत बसले होते. शिजवलेला भात वाळवायचा आणि डोंगरात नेऊन पुन्हा भिजवायचा, त्यापेक्षा आत्ताच जेवून टाकला तर कोणाचं काय जाईल, हे ते बायकोला दर थोड्या वेळाने विचारत होते.

ही सगळी खटपट एका चढणीसाठी होती.

दमयंतीची सून नम्रता घाटावरची, पाटणकडची. लग्न होऊन ती इकडे संगमेश्वर तालुक्यात आली, देवरुखच्या शाळेत शिकवू लागली. नवरा ऋत्विक मुंबईला नोकरीत, शनिवार-रविवारचा पाहुणा. त्यामुळे घरात राज्य होतं ते सासू-सुनेचं, आणि राज्य बरं चाललं होतं. कॉलेजात असताना नम्रता पाठीवर बॅग टाकून गडकिल्ले हिंडलेली होती. तिने एके दिवशी नकाशा पाहून सांगितलं की या दिवाळीत भाऊबिजेला ती एस्टीने कुंभार्लीच्या घाटातून माहेरी जाणार नाही. समोरच्या डोंगरातून निसणीची, म्हणजे कातळात खोदलेल्या पायऱ्यांची, जुनी वाट वर जाते. त्या वाटेने ती चालत जाईल. भाऊबीज काय, तुळशीच्या लग्नापर्यंत कधीही चालते.

दमयंती तेव्हा तांदूळ निवडत होती. सूप खाली न ठेवता ती म्हणाली, "मी पण येतंय."

विठूतात्या हसले. परसातून चार लाकडं आणताना दोनदा बसणारी बाई सह्याद्री चढणार, म्हणजे डोंगरालाच आता खाली यावं लागेल, असं काहीसं बोलले. ऋत्विकने फोनवर आईला समजावलं. कोणी काही म्हटलं तरी दमयंतीचं एकच होतं. नवरी होऊन ती या घरात आली तेव्हापासून रोज सकाळी दार उघडलं की समोर ती निळी कड दिसे. पुरुष तिकडे बैल आणायला गेले, सोयरीक जुळवायला गेले, वरून जोंधळे घेऊन आले. तिने मात्र ती कड फक्त पाहिली, केर काढताना आणि सडा घालताना. जात्यावर बसली की तिच्या तोंडी एक ओवी असायची, तिचीच तिने बांधलेली:

निळी डोंगराची कड रोज दिसते दारात,
कधी पायांनी मोजीन, माझ्या हाय गो उरात.

ती ओवी नम्रतेने ऐकली होती, म्हणून ती सासऱ्यासारखी हसली नाही. तिने नियम घातला. डोंगरात प्रत्येकाने आपलं ओझं आपण वाहायचं. पायथ्याच्या वाडीपर्यंत दोघी जातील. तिथे सकाळी दमयंतीला आपली बॅग पाठीवर घेऊन चालता आलं तर वर जायचं. नाही आलं तर वाडीतून खाली जाणाऱ्या एस्टीत बसून मुकाट घरी यायचं, रुसायचं नाही.

"रुसायला मी काय लहान हाय?" दमयंती म्हणाली. आणि त्याच दुपारी तिने कुळीथ भाजायला घेतले.

आता प्रश्न होता खायचं काय न्यायचं याचा. ऋत्विकने मुंबईहून तयार पाकिटं आणली होती. आत कोरडा पुलाव, कोरडी खिचडी, कोरडी डाळ. उकळतं पाणी ओतायचं, तोंड मिटायचं, जरा थांबायचं, जेवायचं. वजनाला पाखराच्या पिसासारखी. एका रात्री जेवणाच्या वेळी नम्रतेने परीक्षा लावली. एका वाटीत पाकिटातला पुलाव, दुसरीत दमयंतीचा वाळवलेला भात आणि त्यावर तिची पिठी, जी तिने आधीच शिजवून, पातळ थापून, सुकवून, पुन्हा कुटली होती. त्यात लसूण, मिरची आणि आमसुलाची पूड. परीक्षक विठूतात्या.

त्यांनी पुलाव खाल्ला आणि म्हणाले की तापातून उठलेल्याला बरा आहे. मग पिठीभात खाल्ला आणि वाटी पुढे केली. पुन्हा दिल्यावर म्हणाले, "ही डोंगरात नेऊ नका. घरीच असू दे."

तरी सगळंच दमयंतीचं जिंकलं असं नाही. तिने सोडे पुढे केले. सुकवलेल्या कोळंबीइतकं हलकं आणि चवीचं जगात दुसरं काय आहे? नम्रतेने एक पुडी रात्रभर बॅगेत ठेवून सकाळी ती बॅग सासूच्या नाकापुढे धरली. त्या वासात अंथरूण घालून झोपायचं होतं. सोडे शिंक्यावर परत गेले. मोदकाच्या पिठाचंही तसंच झालं, आणि पितळेच्या तांब्याचंही. पाकिटातली खिचडी मात्र दमयंतीला आवडून गेली. ती आपण स्वतः रांधलेली नाही, हेच तिचं मोठं सुख, असं ती म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा जेवण तिच्याकडे चालत आलं होतं. शेवटी ठरलं ते असं: सकाळला नाचणीचं सत्त्व, दुपारला फणसपोळी आणि मेतकूट-पोहे, रात्री कधी पिठीभात, कधी खिचडी. एकेका वेळचं एकेका पुडीत.

वजन किती असावं यावर नम्रता म्हणाली की चालताना बोलता आलं पाहिजे, दम लागून शब्द तुटता कामा नयेत. दमयंतीला बोलणं ही काही कसोटी वाटली नाही. ती बॅग पाठीला लावून ग्रामदेवीच्या देवळाच्या जांभ्या दगडाच्या पायऱ्या चढू लागली आणि चढता चढता ओवी म्हणू लागली. मध्येच ओवी तुटली की खाली यायचं, बॅगेतली एखादी वस्तू काढायची, पुन्हा चढायचं. जाड सतरंजी गेली. दुसरी साडी गेली. डबा गेला. खाली पाणी भरणाऱ्या बायका थांबून पाहू लागल्या, आणि एक म्हणाली, "काकू, देवीला नवस फेडताव की देवी तुमाला?" अखेर एका संध्याकाळी ओवी सगळ्या पायऱ्या चढून वर देवळात गेली, कुठे न अडखळता. तेवढं ओझं ठरलं.

आणि दिवाळीचा पाडवा झाल्यावर, नरकचतुर्दशीला दारात फोडलेल्या कारिटाचे डाग अजून पुसले नसताना, दोघी निघाल्या.

इथे एक गोष्ट दोघींनीही हिशोबात धरली नव्हती. नम्रता घाटावरची, तिला ती ठाऊक नव्हती. दमयंती इथलीच, तिला ती इतकी ठाऊक होती की ती वेगळी आठवायची तिला गरजच पडली नाही. आमच्याकडे दिवाळीत दारावरून माणूस रिकाम्या हाताने जात नाही.

चालायची सवय व्हावी म्हणून एस्टीतून चार वाड्या अलीकडेच उतरून त्या पायवाटेला लागल्या. कापलेल्या भाताचे खुंट उन्हात चमकत होते, खळ्याखळ्यात झोडणी चालली होती. पहिल्याच वाडीत कोणीतरी हाक मारली, खं चाललाव म्हणून. दमयंतीने उभ्या उभ्या सांगितलं की विहिणीकडे, घाटावर. कुठल्या तुम्ही, कोणाच्या, असं करता करता नातं निघालं, आणि नातं निघाल्यावर घावणे आणि काळ्या वाटाण्याची उसळ खाल्ल्याशिवाय सुटका नव्हती. निघताना हातावर नव्या भाताचे पोहे पडले. पोहे हलके, म्हणून नम्रतेने चालवून घेतलं. पुढच्या घरात दोन नारळ मिळाले. त्याच्या पुढे आगळाची, म्हणजे कोकमाच्या रसाची, बाटली, काठोकाठ भरलेली. एका आजोबांनी माळ्याला टांगलेलं तवसं काढून दिलं, मांडीएवढं. आमच्याकडची ही पावसाळी काकडी अंगाने म्हातारी झाली तरी आतून ताजी असते, त्या आजोबांसारखीच.

नम्रता हळू आवाजात म्हणत राहिली की आई, आता पुरे. दमयंतीलाही कळत होतं. पण नको म्हणायचं कसं? विहिणीकडे चाललेल्या बाईच्या हातावर ठेवलेला वानवळा. तो परत करता येत नाही आणि वाटेत टाकता येत नाही. नको म्हणणं म्हणजे त्या घराकडे पाठ करणं. संध्याकाळ होईतो एकही पुडी उघडली गेली नव्हती आणि बॅगेचं तोंड बंद होत नव्हतं.

पायथ्याच्या शेवटच्या वाडीत त्या तुळसाकडे उतरल्या. तुळसा दमयंतीच्याच वयाची. दोन्ही मुलं मुंबईला, घरात ती आणि एक मांजर. माणसं आली म्हणून तिला इतका आनंद झाला की चूल फुंकताना ती स्वतःशीच हसत होती. एकटीसाठी रांधायचा कंटाळा येतो, पुष्कळदा चहात भाकरी बुडवून निजते, असं तिने बोलता बोलता सांगितलं.

सकाळी खळ्यात दमयंतीने बॅग पाठीला लावली. डोंगर इथे निळा नव्हता. हिरवा, काळा, अगदी अंगावर आलेला, वरच्या कड्यावर उन्हाची पहिली रेघ. तिने ओवी सुरू केली. खळ्यातून बांधापर्यंतच तर जायचं होतं. "निळी डोंगराची कड" इथवर ती आली आणि दम तुटला. ती पुन्हा मागे आली, पुन्हा निघाली. पुन्हा तिथेच तुटला.

नम्रता खांबाला टेकून पाहत होती. नियम तिचाच होता. तो बोलून दाखवताना तिचा आवाज लहान झाला. "आई, एस्टी येईल आता थोड्या वेळात."

दमयंतीने बॅग उतरवली आणि पायरीवर बसली. रुसायचं नाही असं कबूल केलं होतं, म्हणून ती डोंगराकडे न बघता पायांकडे बघत राहिली. नम्रतेने तिच्याजवळ बसून, खाण्याच्या पुड्या काढून टाकल्या तर, असं सुचवलं. मग तिचं तिलाच हसू आलं. पुड्या काढून काय होणार, त्या तर हलक्याच होत्या. जड होतं ते लोकांचं प्रेम.

तेवढ्यात आतून तुळसा आली. तिच्या कडेवर, मूल घ्यावं तसा, एक लाल भोपळा होता. "विहीणबाईंना द्या," ती म्हणाली. "माझ्या मांडवावरचा."

नम्रतेने आधी भोपळ्याकडे पाहिलं, मग बॅगेकडे. मग नम्रता जी हसत सुटली ती खांब धरून खाली बसली. तुळसाला कळेना की भोपळ्यात हसण्यासारखं काय. दमयंतीने तो भोपळा मांडीवर घेतला. त्यावरून हात फिरवला. बोटाने वाजवून पाहिला. तिच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी उजळत गेलं.

"तुळसा, तुझ्याकडं किसणी हाय?"

"हाय की."

"गूळ? तांदळाचं पीठ?"

"दिवाळी हाय गो बाय. घरात गूळ नसेल तर कवा असेल?"

"मग चूल पेटव," दमयंतीने पदर खोचला. "वानवळा टाकता येत नाय, पण त्याचे घारगे करता येतात."

मग त्या खळ्यात जे सुरू झालं त्याला पाककृती म्हणणं कठीण, ती एक लहानशी जत्राच होती. भोपळा किसला, गुळात शिजवून त्यातलं पाणी आटवलं, पीठ मळलं, आणि हातावर थापलेले घारगे तेलात फुगू लागले. वास वाडीभर गेला, तसा वाडीतल्या बायका आल्या, कोणी नुसती बघायला, कोणी आपलं पोळपाट घेऊन. तवसं किसून, गूळ-रवा घालून त्याचं धोंडस झालं, चुलीवरचा केकच तो. टोपाच्या झाकणावर निखारे ठेवून ते भाजत होतं, आणि बायका त्याच्याकडे लहान मुलांसारख्या पुन्हा पुन्हा डोकावत होत्या; उतरवलं तसं ते तिथेच संपलं. एका नारळाचा रस काढून आगळात घातला आणि सोलकढी वाटीवाटीने सगळ्यांच्या पोटात गेली. दुसरा नारळ किसून, खरपूस भाजून, मिरचीबरोबर कुटून कोरडी चटणी झाली. घरोघरचा वानवळा चुलीवर आपलं पाणी सोडत होता आणि हलका होत होता. खालच्या रस्त्यावर एस्टीचा हॉर्न वाजला, थांबला, पुन्हा वाजला आणि दूर गेला. नम्रता घारगा उलटत होती. तिने मान वर केली नाही.

निघताना बॅगेत घारगे होते, पोहे होते, चटणी होती. दमयंतीने आपल्या सगळ्या पुड्या काढून तुळसाच्या फळीवर मांडल्या. पिठीभात, नाचणी, मुंबईची खिचडीसुद्धा. उकळतं पाणी ओतायचं आणि झाकण ठेवायचं, हे तिने तुळसाला नीट समजावलं.

"कंटाळा आला तर चहा-भाकरी खाऊ नको," ती म्हणाली. "मी रांधून ठेवलंय असं समज आणि जेव."

तुळसाने एक पुडी नाकाशी नेली, डोळे पुसले, आणि म्हणाली की हिंग जरा कमी पडलाय.

बांधावर ओवी तुटली नाही. बांध संपला, करवंदीची जाळी लागली, तरी तुटली नाही. दमयंतीला नवी ओळ सुचली ती तिने तिथेच बांधली:

वाट चढणीची बाई, दोन्ही बाजूंनी करवंद,
सून माझी पुढं चाले, तिच्या पायांना गो छंद.

पण छंद असलेले पाय हळूहळू मागे राहू लागले. आधी दमयंतीला वाटलं, आपल्यासाठी थांबते. मग झाडी संपून उघडा कातळ आला, खोदलेल्या पायऱ्यांची निसण सुरू झाली, आणि मागे वळून पाहिलं तर नम्रता एका दगडावर बसलेली, तोंड लाल, श्वास भात्यासारखा. दमयंती उतरून तिच्यापर्यंत गेली. काय झालं गो, विचारलं, तर काही नाही म्हणाली. तिच्या बॅगेला हात लावून पाहिला. देवळाच्या पायऱ्यांवर दमयंतीची बॅग रोज चढली-उतरली होती. सुनेची बॅग कधी कोणी तोललीच नव्हती.

"उघड."

"आई, असू दे ना."

दमयंतीने स्वतःच दोरी सोडली. आतून आधी गुडघ्याचे पट्टे निघाले, दमयंतीच्या मापाचे. मग मलमाची बाटली. गरम पाण्याची रबरी पिशवी. काढून टाकलेली ती दुसरी साडी, घडी घालून. चहाचा थर्मास. तिची जाड सतरंजी. आणि सगळ्यात खाली, फडक्यात गुंडाळलेलं, घडीचं लोखंडी स्टूल. दमयंतीला खाली बसताना त्रास होतो म्हणून.

वारा कड्यावरून उतरत होता. दमयंती त्या वस्तूंकडे पाहत राहिली. सगळं तिचंच होतं. या मुलीने नियम घातला, बोट उगारून पाळायला लावला, आणि मग कोणाला न सांगता दोघींचं ओझं आपल्याच पाठीवर घेतलं.

"आपलं ओझं आपण वाहायचं, हे कोण म्हणालं होतं?" तिने विचारलं.

"मी," नम्रता खाली बघत म्हणाली.

"मग हे कोणाचं ओझं हाय?"

"तुमचं."

"म्हणजे एस्टीत बसवून परत कोणाला पाठवायला हवं?"

नम्रतेला हसू आवरेना, आणि हसायला दम पुरेना. दमयंतीने एकेक वस्तू उचलून आपल्या बॅगेत भरली. सतरंजी मावली, साडी मावली, पिशवी मावली. पुड्या गेल्यामुळे जागाच जागा होती. थर्मास तेवढा सुनेकडे राहिला, कारण चहा तिलाही लागतो. स्टूल बॅगेवर आडवं बांधलं. मग ती उभी राहिली, पट्टे खांद्यावर सारखे केले आणि निसणीच्या पायरीवर पाय ठेवला. या वेळी तिने ओवी म्हटली नाही. ओवीला लागणारा सगळा श्वास तिला पायांत हवा होता. ती एक पायरी चढे, थांबे, मागे बघे, नम्रता आली की पुढची चढे. गुडघा कुरकुरला तेव्हा तिने त्याला हळूच दोन शब्द सुनावले. कातळ तापला होता, वर घारी फिरत होत्या, आणि आकाश प्रत्येक पायरीला थोडं थोडं रुंद होत होतं.

मग पायरी संपली आणि वर काहीच उरलं नाही. सपाट माळ, त्यावर सोनकीची उशिरा राहिलेली पिवळी फुलं, आणि घाटावरचा कोरडा वारा, ज्याला जोंधळ्याच्या रानाचा वास होता. दमयंती कडेवर उभी राहिली आणि तिने मागे वळून खाली पाहिलं. तळाला तुळसाच्या वाडीतून धूर निघत होता. त्याच्या पलीकडे भाताची पिवळी खाचरं, आंब्यांचे काळे ठिपके, नदीची वळणं. कुठेतरी तिथेच तिचं दार होतं, आता तेच निळं झालेलं.

नम्रता वर पोचली तशी मटकन खाली बसायला निघाली. दमयंतीने तिला दंडाला धरून थांबवलं. बॅग उतरवली, स्टूल सोडलं, घडी उलगडून माळावर नीट टेकवलं, हलतं का ते दाबून पाहिलं.

"बस गो," ती म्हणाली. "लांबून आलीस."

सून स्टुलावर बसली, आणि सासू तिच्या शेजारी गवतात मांडी घालून बसली, कोणाच्याही मदतीशिवाय. थर्मासमधून चहा ओतला. घारग्यांची पुडी मध्ये ठेवली. पहिला घारगा दमयंतीने मोडला. बाहेरून खुसखुशीत, आतून अजून ओलसर. अर्धा तिने नम्रतेच्या हातावर ठेवला. विहिणीसाठी किती ठेवायचे यावर थोडी चर्चा झाली, पण ती चर्चा दोघींनीही तोंड भरलेलं असताना केली.